नात्याचा रकाना

वकिलाच्या टेबलावर जे कागद येतात त्यांत गद्य थोडे आणि रकाने फार. नाव, वय, धंदा, राहण्याचे ठिकाण हे रकाने माणूस बसल्या जागी सांगून टाकतो. परंतु त्यांच्या पाठोपाठ एक रकाना येतो, 'अर्जदाराशी नाते', आणि तेथे पुष्कळांची जीभ अडखळते. वारसाचा दाखला असो, रेशनकार्ड असो, रुग्णालयातले संमतिपत्र असो, की बँकेतला नामनिर्देशनाचा कागद असो, ह्या रकान्यातून कोणाची सुटका नाही. आदिलाबादसारख्या सरहद्दीवरच्या गावी वीस वर्षे वकिली करताना मी तो तेलुगूत, इंग्रजीत, मराठीत आणि निजामी अमदानीतल्या जुन्या दप्तरांत उर्दूतही वाचला आहे. भाषा बदलली तरी त्याचा करडा स्वर बदलत नाही.

आणि मौज अशी की, ज्या भाषांत हा रकाना छापला जातो त्या भाषा स्वतः इतक्या कडक नाहीत. आपण मराठीत 'माझ्या घरची माणसे' म्हणतो. माझे तेलुगू शेजारी 'इंटिवाळ्ळु' म्हणतात. 'इल्लु' म्हणजे घर. उर्दू बोलणारे पक्षकार 'घरवाले' म्हणतात. आणि ह्या मासिकाच्या कोकणी वाचकांना मी सांगायला नको की, त्यांचा 'घराबो' हा गोड शब्दही घराच्याच पोटातून निघालेला आहे. चारही भाषांनी आपली माणसे मोजताना छपराची खूण धरली; रक्ताचा आग्रह धरला तो रकान्याने.

हे विचार मनात आले ते खटल्याच्या निमित्ताने नव्हे, तर पुस्तकांच्या एका गठ्ठ्यामुळे. पुण्यास असलेल्या माझ्या भाचीने गेल्या पावसाळ्यात चार-पाच कादंबऱ्या टपालाने पाठविल्या आणि आत चिठ्ठी ठेवली : "आत्या, वाच, आणि वकिलासारखे नको, वाचकासारखे मत दे." ह्या दोन बाया माझ्यात वेगळ्या राहत नाहीत, तरी मत मी देणार आहे, आणि ते येथे छापण्यास तिची संमती आहे. पुस्तके बहुतेक चित्रांची, म्हणजे चौकटी-चौकटींनी सांगितलेल्या कादंबऱ्या. विषय असा की, पुरुषावर प्रेम करणारे पुरुष, स्त्रीवर प्रेम करणाऱ्या स्त्रिया, देहाने एक आणि मनाने दुसरे असलेले जीव, ज्या सर्वांना आज एकत्रितपणे 'क्विअर' म्हणतात, ते घर कसे मांडतात. हा शब्द एके काळी शिवीसारखा फेकला जाई. ज्यांच्यावर फेकला त्यांनी तो झेलून नावासारखा लावला. त्यांच्या कथांतून वारंवार येणाऱ्या, जन्माने न मिळालेल्या कुटुंबाला तिकडे 'सापडलेले कुटुंब' म्हणतात. मला 'जोडलेले घर' हे नाव अधिक बरे वाटते. सापडते ती वस्तू. घर जोडावे लागते.

कोर्टाच्या मधल्या सुट्टीत माझ्या हातात चित्रांचे पुस्तक पाहून एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी, "ताई, चांदोबा वाचता की काय?" असे विचारले. चांदोबाची थट्टा मला मुळीच मान्य नाही. पण चित्रांनी गोष्ट सांगणे हा पोरखेळ आहे, ही समजूत आपल्या मुलखात तरी टिकू नये. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी सुट्या चित्रांची पोथी पुढे ठेवून, एकेक पान उचलून, गाऊन रामायण-महाभारत सांगत आले. आमच्या तेलंगणात चेरियालचे नकाशी चित्रकार लांबच लांब पटांवर जातीजातींची पुराणे रंगवीत आले. त्या पटांपुढे बसणारे लोक पोरे नव्हते. चित्राचे एक सामर्थ्य असे की, ते नाते सांगत नाही, नुसते दाखविते. शब्दांच्या कादंबरीला 'तिची मैत्रीण', 'त्याचा सोबती' असे काहीतरी म्हणावेच लागते. चित्रात दोन माणसे एका सतरंजीवर बसून शेंगा सोलतात, आणि ती कोण हे सांगण्याची सक्ती चित्रकारावर नसते.

गठ्ठ्यातले माझे सर्वांत आवडते पुस्तक जपानी आहे. गेंगोरो तागामे ह्या चित्रकाराने ते 2014 ते 2017 ह्या काळात क्रमशः प्रसिद्ध केले. इंग्रजी भाषांतरात त्याचे नाव 'माय ब्रदर्स हजबंड'. उजवीकडून डावीकडे वाचायचे, म्हणजे माझ्या वडिलांना, जे उर्दू शाळेत शिकले, ते माझ्यापेक्षा सोपे गेले असते. याइची नावाचा घटस्फोटित गृहस्थ आपल्या काना नावाच्या लहान मुलीसह राहतो. त्याचा जुळा भाऊ कॅनडात वारला आहे. एके दिवशी दारात एक धिप्पाड, दाढीवाला कॅनेडियन उभा राहतो : माइक, मृत भावाचा नवरा. दार उघडणाऱ्या माणसाचा चेहरा हुबेहूब आपल्या गेलेल्या जोडीदाराचा! केवळ ह्या एका योगावर तागामेंनी दोन भाग उभे केले आहेत, आणि त्यांत घडत काहीच नाही. लोक जेवतात, बाजारहाट करतात, अंघोळीला जातात. याइचीच्या मनातली अढी हळूहळू सैल होते, एवढेच.

परंतु त्या 'एवढेच'मध्ये एक जागा आहे. रस्त्यात ओळखीचे कोणी भेटते, आणि याइची माइकची ओळख 'भावाचा मित्र' अशी करून देतो. खोटे म्हणावे तर खोटे नाही, आणि खरे तर नव्हेच. कोणी कोणाला दुखविण्याचा हेतू नाही. केवळ रकाना भरायचा होता आणि तो सोईच्या शब्दाने भरला. माझ्या भाचीच्या प्रतीत त्या पानाच्या कडेला पेन्सिलीची एक बारीक रेघ आहे. बाकी सबंध पुस्तक कोरे आहे.

लहानगी काना मात्र ह्या पेचात पडतच नाही. दोघांत बायको कोण होती, असे ती सरळ विचारते. बायको कोणीच नव्हते, दोघेही नवरेच, असे माइक सांगतो. आणि त्यानंतर तिच्या दृष्टीने प्रश्न संपून कॅनडात एक काका असल्याचा आनंद सुरू होतो. आपल्याकडचे मूल ह्याहून वेगळे काय करील? शेजारचे गृहस्थ काका, बसचे कंडक्टर काका, भाजीवाले काका. त्यांत एक आणखी.

मोठ्या माणसांची अडचण निराळी आहे. इरावतीबाई कर्वे ह्यांनी भारतातल्या नातेव्यवस्थेवर 1953 साली जो ग्रंथ लिहिला तो चाळताना नेहमी वाटते की, नाती मोजण्यात आपला हात धरणारे कोणी नसेल. जाऊ, नणंद, भावजय, साडू, मेहुणी, व्याही, विहीण : एका लग्नातून आपण इतके शब्द काढले, पण भावाच्या नवऱ्याला शब्द नाही. नसणे स्वाभाविक आहे. मात्र त्या जागी जी पळवाट मराठीने स्वतःच करून ठेवली आहे तिच्याकडे पाहण्यासारखे आहे. आपल्याकडे मानलेला भाऊ असतो, मानलेली बहीण असते, मानलेले वडील आणि मानसपुत्र असतात. 'मानणे' हे क्रियापद आपण केवढे उदारपणे वापरतो! एका राखीवर किंवा एका भाऊबिजेच्या ओवाळणीवर जन्माचे नाते उभे राहते, आणि कोणी कागद मागत नाही. परंतु मानलेला नवरा किंवा मानलेली बायको म्हणून पाहा, लगेच भाषा दार लावून घेते. जेथे वासनेचा संशय नाही तेथेच मानण्याची मुभा आहे. म्हणून किती जोडपी आपल्या डोळ्यांदेखत मानलेल्या बहिणी आणि मानलेले भाऊ होऊन जगली असतील, ह्याचा हिशेब कोणत्याही ग्रंथात मिळणार नाही.

दुसरे पुस्तक आपल्या घरचे. अमृता पाटील ह्यांची 'कारी' 2008 साली निघाली. लेखिका गोव्यात वाढल्या, गोवा कला महाविद्यालयात शिकल्या; पुढे त्यांनी 'आदिपर्व' आणि 'सौप्तिक' ह्या ग्रंथांतून महाभारत चित्रांत मांडले. 'कारी'चा आरंभ धक्का देणारा आहे. दोन प्रेयसी आपापल्या इमारतीवरून उडी घेतात. रूथ जाळीत पडून वाचते आणि शहर सोडून जाते; कारी मुंबईच्या सांडपाण्यात पडून वाचते आणि तेथेच राहते. तिला पुन्हा कामावर जायचे आहे, जाहिराती लिहायच्या आहेत, आणि ज्या जागेत ती राहते त्या दाटीच्या बिऱ्हाडात मैत्रिणींबरोबर, त्यांच्या येणाऱ्या-जाणाऱ्या मित्रांबरोबर नांदायचे आहे.

हे वाचताना मला विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' आठवले. 1981 साली मराठी रंगभूमीवर आलेले ते नाटक स्त्रीवर प्रेम करणाऱ्या एका कॉलेजकन्यकेचे आहे, आणि त्या काळी ते लिहिणे हे धाडसच होते. पण मित्राचा शेवट आत्मनाशात होतो. तिला मित्र होता, घर नव्हते. सत्तावीस वर्षांनी आलेल्या 'कारी'त मरणाचा प्रयत्न पहिल्याच पानांवर आटोपून जातो, आणि कथा उरते ती न मेल्यानंतरची. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. मरणाऱ्या नायिकेला कुटुंबाची गरज नसते. सोमवारी सकाळी उठून कामावर जाणारीला असते. एंजल नावाच्या, कर्करोगाने खंगत चाललेल्या तुसड्या बाईपाशी कारी जाऊन बसते, ती पाने मी दोनदा वाचली. तेथे कोणी कोणाला बहीण किंवा आई म्हणत नाही, आणि बसणे चालू राहते.

तक्रारही आहे. 'कारी'चे इंग्रजी कधीकधी आपल्याच रूपावर खूश होऊन आरशापुढे थांबते. आणि तिच्या मुंबईत घरभाडे कोण भरते, दूध कोण आणते, हे बहुधा चौकटीबाहेर राहते. बिऱ्हाड आहे, पण त्याचा धूर डोळ्यांत जात नाही.

धुराची तक्रार मला इतर पुस्तकांबद्दल अधिक आहे. अॅलिस ओसमन ह्या इंग्रज लेखिकेची 'हार्टस्टॉपर' ही चित्रमालिका जगभर शाळकरी मुलांनी डोक्यावर घेतली. दोन मुलगे, त्यांचे मित्रमंडळ, आणि चौकटींतून वाऱ्यावर भिरभिरणारी पाने. सोळाव्या वर्षी असे पुस्तक हाती पडणे हे भाग्य आहे, आणि आमच्या गावच्या वाचनालयात ते असते तर काही मुलांच्या रात्री सुखाच्या गेल्या असत्या. पण चाळिशी उलटलेल्या वाचकाला त्यातली साखर दाताला लागते. टी. जे. क्लून ह्यांची 2020 सालची 'द हाउस इन द सेरुलियन सी' ही चित्रांची नव्हे, शब्दांची कादंबरी; तिचा नायक सरकारी खात्यातला नियमांचे बाड घेऊन फिरणारा तपासनीस, म्हणून मला आरंभी त्याच्याविषयी व्यावसायिक जिव्हाळा वाटला. बेटावरच्या अनाथगृहात सहा चमत्कारिक मुले, त्यांचा सांभाळ करणारा सज्जन पुरुष, आणि तपासनिसाचे त्या घरात विरघळून जाणे. छान आहे. मात्र तेथे मुले रुसतात ती पुन्हा हसण्यासाठीच. जोडलेल्या घराचे हे चित्र पाहून असे वाटू लागते की, रक्ताची माणसे तेवढी भांडतात आणि निवडलेली माणसे नुसती एकमेकांना समजून घेतात. ज्याने कधी दोन मैत्रिणींबरोबर एका गॅसच्या सिलिंडरचा महिना काढला आहे त्याने हे मान्य करू नये.

उलट रक्ताचीही बाजू इतकी सरळ नाही. अॅलिसन बेक्डेल ह्या अमेरिकन चित्रकर्तीने 'फन होम' (2006) ह्या आत्मकथनात आपल्या वडिलांविषयी लिहिले आहे. मुलगी स्वतः स्त्रीवर प्रेम करणारी. वडील इंग्रजीचे शिक्षक, अंत्यविधीचा घरचा धंदा सांभाळणारे, आणि जन्मभर पुरुषांकडे ओढले जाऊन ते लपविणारे. त्यांनी आपले जुने घर असे सजविले की त्यातली एकेक खुर्ची चौकटीत शोभावी. एकाच छपराखाली एकाच जातीची दोन माणसे राहिली आणि एकमेकांना जवळजवळ भेटलीच नाहीत. सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू'त (2006) पुण्याच्या एका मध्यमवर्गीय घरातले भाऊ-बहीण एकाच भाडेकरूवर जीव टाकतात, आणि दोघांची दुःखे भिंतीला भिंत लागून वेगवेगळी वाहतात. तेव्हा घरचीच माणसे परकी, आणि परकी तेवढी आपली, असा सोपा हिशेब चांगला लेखक करू देत नाही.

"हे सारे परदेशातून आलेले फॅड," असे माझ्या सहकाऱ्यांचे मत पडले. त्यांना मी आपल्याच धर्मशास्त्राकडे नेले. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी पूर्वी घोकलेले मनुस्मृतीतले बारा प्रकारचे पुत्र आता कोणी आठवीत नाही. औरस आणि दत्तक सर्वांना ठाऊक असतात. पण त्यांत 'अपविद्ध' आहे, आईबापांनी टाकलेला आणि दुसऱ्याने उचलून घेतलेला. आणि 'स्वयंदत्त' आहे. आईबाप नाहीत किंवा त्यांनी निष्कारण टाकले, म्हणून जो स्वतःच स्वतःला दुसऱ्याच्या हाती देतो, तो स्वयंदत्त. ऐतरेय ब्राह्मणातला शुनःशेप तो हाच. अजीगर्त ह्या जन्मदात्याने त्याला शंभर गाईंवर विकले, आणखी शंभर घेऊन यज्ञस्तंभाला बांधले, आणि आणखी शंभरांसाठी सुरी परजली. सुटल्यावर तो मुलगा बापाकडे परतला नाही. विश्वामित्राच्या मांडीवर जाऊन बसला. विश्वामित्राच्या थोरल्या पन्नास मुलांनी त्याला भाऊ मानण्याचे नाकारले, हेही तेथेच आहे. जोडलेल्या घराची इतकी निखळ, इतकी साखर नसलेली गोष्ट मला गठ्ठ्यातल्या एकाही पुस्तकात मिळाली नाही.

परंतु मनूचा एक बारकावा वकिलाला विसरता येत नाही. बारांपैकी पहिले सहा बांधवही आहेत आणि दायादही, म्हणजे वारसही. शेवटचे सहा बांधव आहेत, दायाद नाहीत. स्वयंदत्त दुसऱ्या सहांत पडतो. घरात घेऊ, वाटणी देणार नाही. पुढे 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने बारांच्या जागी औरस आणि दत्तक एवढेच ठेवले, आणि स्वयंदत्ताची ती अर्धी खोलीही गेली.

नाते विधीने घडविण्याची कला मात्र आमच्या जिल्ह्यात जिवंत आहे. इंद्रवेल्लीजवळ केसलापूरला पौष अमावास्येस नागोबाची जत्रा भरते. मेश्राम कुळातल्या गोंडांच्या नव्या सुना तेथे देवाच्या 'भेटी'ला आणल्या जातात, आणि त्या भेटीनंतरच त्या कुळाच्या झाल्या असे मानले जाते. लग्न लागून घरात आलेली बाईसुद्धा देवाने पाहिल्याखेरीज पुरती घरची होत नाही. म्हणजे घरचे होणे हे जन्मासारखे आपोआप घडत नसून करावे लागते, हे त्या पांढऱ्या लुगड्यातल्या पोरींना आपल्यापेक्षा चांगले कळते.

आणि कायद्याने जोडलेली घरे मोडलीही आहेत. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या दुसऱ्या भागाने नोंदवहीत घातलेल्या हिजड्यांना पालक होण्यास, बक्षीसपत्र व मृत्युपत्र करण्यास आणि दत्तक घेण्यास मनाई केली. घर जोडण्याची जितकी हत्यारे वकिलाच्या पेटीत असतात तितकी नेमकी वेचून काढून घेतली. आमच्या हैदराबाद संस्थानाने 1329 फसलीत, म्हणजे 1919 साली, त्याच वळणाचा कायदा केला. बायकी वेशात किंवा रस्त्यावर गाता-नाचताना दिसल्यास वॉरंटाविना अटक, आणि सोळा वर्षांखालचा मुलगा छपराखाली आढळल्यास शिक्षा. निजाम गेला, संस्थान गेले, 1 नोव्हेंबर 1956 ला आम्ही आंध्रात आणि 2 जून 2014 ला तेलंगणात आलो. तो कायदा पुस्तकात तसाच राहिला. तेलंगणा उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरविला जुलै 2023 मध्ये.

ह्या सगळ्यांतून हिजड्यांचे घर टिकले ते गुरू-चेल्याच्या नात्यावर. ते घर गोंडस नाही. लक्ष्मीनारायण त्रिपाठींचे 'मी हिजडा, मी लक्ष्मी!' (2012) किंवा तमिळनाडूच्या ए. रेवती ह्यांचे आत्मकथन वाचावे. तेथे गुरूची माया आहे, तसाच धाक, कष्ट आणि मारही आहे. सासुरवाशिणीच्या ओव्या ज्यांनी ऐकल्या त्यांना हे घर ओळखीचे वाटेल. हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाने 2016 साली मृत चेल्याच्या मालमत्तेवर गुरूचा वारसाहक्क रूढीच्या आधारे मान्य केला, तेव्हा त्याने जोडलेल्या घराला निदान एका ठिकाणी दायाद केले.

आता एका घराविषयी लिहिते, जे कोणत्याही पुस्तकात नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी दोन स्त्रिया मृत्युपत्रे करण्यासाठी माझ्याकडे आल्या. एक मराठी शाळेतल्या बाई. दुसऱ्या परिचारिका, ज्यांना अख्खे गाव 'सिस्टर' म्हणे. दोघींची लग्ने झालेली नव्हती. सत्तावीस वर्षे त्या एकत्र राहत होत्या, आणि घर बाईंच्या नावावर होते. माझ्या गुमास्त्यांनी सवयीने विचारले, "नाते काय लिहू? बहीण?" बाई म्हणाल्या, "ती गावाची सिस्टर आहे, माझी नव्हे." "मग काय लिहू?" "लिहा, एका चुलीवर जेवतो."

मृत्युपत्रात नाते लिहावे लागत नाही. हिंदू वारसा कायद्याच्या कलम 30 प्रमाणे स्वतःची मिळकत कोणालाही देता येते. मृत्युपत्र नसेल तरच अविवाहित स्त्रीची मालमत्ता आईबापांकडे, आणि ते नसल्यास बापाच्या वारसांकडे, म्हणजे भाऊ-पुतण्यांकडे जाते. पण बाईंना ते शब्द हवे होते, म्हणून मी घातले. आणि ते शब्द काही बायकी भाबडेपणाचे नव्हते. एकत्र कुटुंबाची आपली सर्वांत जुनी खूण चूलच. भारताची जनगणना कुटुंब मोजते ते एका स्वयंपाकघरात जेवणाऱ्या माणसांवरून. सरकारचा एक हात चूल मोजतो, दुसरा रक्त. आणि माणूस मेला की दुसराच हात पुढे येतो. त्या दोघी एकमेकींच्या कोण होत्या हे मी विचारले नाही. दस्तऐवजाला लागते तेवढे वकील विचारतो.

पुढे बाई आजारी पडल्या. मोठ्या शहरातल्या एका रुग्णालयात त्यांना नेले, तेव्हा शस्त्रक्रियेच्या कागदासाठी तेथल्या माणसांनी 'रक्ताचे कोणी' आणायला सांगितले. सिस्टरांनी स्वतः तीस वर्षे हाच प्रश्न लोकांना विचारला होता. फोनवर मला हे सांगताना त्या हसत होत्या. ते हसू मला नीट ऐकवले नाही. बाई शुद्धीवर होत्या, सही करू शकत होत्या. आणि सर्वोच्च न्यायालयाने 2008 सालीच समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केले होते की, सज्ञान रुग्णाची संमती त्याचीच हवी. त्या खटल्यात तर बेशुद्ध मुलीच्या वतीने जन्मदात्या आईने दिलेली संमतीही कोर्टाने मानली नाही. परंतु रात्री दहा वाजता रुग्णालयाच्या खिडकीशी न्यायनिवाडे वाचून दाखविता येत नाहीत. यवतमाळहून पुतण्या आला, त्याने पाच मिनिटांत सही केली. तो वाईट माणूस नव्हता. बाई गेल्यावर अग्नी त्याने दिला. घराविषयी त्याने शब्द काढला नाही, आजीचे तांब्याचे घंगाळ तेवढे मागून नेले. सिस्टर अजून त्या घरात राहतात.

कायदा त्यानंतर थोडा हलला आहे. सप्टेंबर 2018 मध्ये समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत. ऑगस्ट 2022 मध्ये चंदीगडच्या एका परिचारिकेच्या प्रसूतिरजेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, कुटुंब अविवाहित सहवासाचे किंवा क्विअर नात्याचेही असू शकते. ऑक्टोबर 2023 मध्ये त्याच न्यायालयाने अशा विवाहाचा हक्क मात्र मान्य केला नाही. 2024 साली केंद्राने कळविले की, रेशनकार्डासाठी असे जोडीदार एकाच घरातले धरावेत, आणि बँकेत संयुक्त खाते उघडण्यास व एकमेकांना नामनिर्देशित करण्यास आडकाठी नाही. रेशनकार्डाची ही चूल मला मनापासून आवडली. नामनिर्देशनाविषयी मात्र सावध करते : नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, साधारणतः तो पैसे हाती घेतो, आणि हक्क वारसांचाच राहतो. 2025 च्या मे महिन्यात मद्रास उच्च न्यायालयाने तर, कुटुंब उभारण्याचा विवाह हा एकमेव मार्ग नाही, असे म्हणून निवडलेल्या कुटुंबाला मान्यता दिली. शुनःशेपाला अर्धी खोली परत मिळू लागली आहे, असे म्हणू.

भाचीला मी सविस्तर मत लिहून पाठविले. तागामे सर्वांत वर, कारी त्याच्या शेजारी, आणि गोड पुस्तके आमच्या वाचनालयाला देऊन टाकावीत, असे. पुढचे पुस्तक कोणी मराठीत किंवा कोकणीत काढलेच, तर त्यात आजारपण असावे, घरमालक असावा, आणि भांडी कोणी घासायची ह्यावर निदान तीन पाने असावीत, हेही लिहिले. माझे भाऊ-वहिनी तिच्यासाठी स्थळे पाहत आहेत. त्याविषयी तिने काही लिहिले नाही आणि मी काही विचारले नाही. पेन्सिलीची रेघ दिसली, एवढे मात्र कळविले.

पौषात ती इकडे येणार आहे. नागोबाची जत्रा पाहायची आहे, म्हणते. रात्री थंडी फार असते. सोबत कोणी येणार असेल तर आधी सांग, म्हणजे जादा अंथरुणे उन्हात घालून ठेवते, असे मी तिला लिहिले आहे.